विजेचे बिल घराच्या नकाशातच लिहिलेले असते

उन्हाळ्यातले वीजबिल हातात पडले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. एसी रात्रभर कोणी चालू ठेवला, पंखा सुरू ठेवून बाहेर कोण गेले, फ्रिजचे दार कोण उघडे टाकते? शेवटी बोलणी खातात मुले, नाहीतर घरातल्या बायका. पण त्या बिलाचा मोठा भाग आपण त्या घरात राहायला येण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो. बेडरूम पश्चिमेला काढायची की उत्तरेला, खिडकीवर छज्जा किती फुटांचा, छप्पर उघड्या स्लॅबचे की कौलांचे, एका बाजूने आत आलेला वारा दुसऱ्या बाजूने बाहेर पडणार की कोंडून राहणार, हे सगळे नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर ठरते. नंतर आपण फक्त पैसे भरत राहतो.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. आखातात किंवा मुंबईत पंधरा-वीस वर्षे राबून माणूस आयुष्यात एकदाच घर करतो. कोणी गावी दोन मजली बंगला बांधतो, कोणी मुंब्रा, मीरा रोड, तळोजा किंवा रत्नागिरीत फ्लॅट घेतो. फ्लॅट घेताना आपण स्टेशन किती लांब, मशीद किती जवळ, शाळा कोणती, पाणी किती तास, हे सारे विचारतो. दुपारी चार वाजता बेडरूमच्या भिंतीला हात लावून मात्र कोणी बघत नाही. घर पन्नास वर्षे उभे राहते आणि नकाशातली चूकही पन्नास वर्षे बिल वसूल करते. त्या प्रत्येक युनिटमागे कुठेतरी कोळसा जळतो, हा हिशेब वेगळाच.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर शहरातल्या इमारतीपासून सुरुवात न करता आम्ही देवबागपासून करतो. कारण कोकणच्या हवेत घराला काय लागते, हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

दोन पाण्यांमधली पट्टी

मालवणहून दक्षिणेला तारकर्ली ओलांडली की देवबाग लागते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची अरुंद पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडे वेंगुर्ला तालुक्यातले भोगवे दिसते.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो; हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा उलटा फिरतो. हे मतलई वारे. देवबागच्या घराला दुपारी पश्चिमेचा वारा मिळतो आणि रात्री पूर्वेचा. पुढचे दार आणि मागचे दार एका ओळीत असलेल्या घरातून हवा दिवसरात्र वाहू शकते, आणि त्यासाठी एक पैसा मोजावा लागत नाही.

पण इथेच एक पेच आहे. ज्या पश्चिमेकडून वारा येतो, त्याच पश्चिमेकडून दुपारचे कलते ऊन येते आणि जून ते सप्टेंबर पावसाची झडही त्याच बाजूने येते. पश्चिम बंद केली तर घर कोंडते, उघडी ठेवली तर तापते आणि भिजते. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागतो, मग ते घर देवबागमधले असो की मुंबईतल्या विसाव्या मजल्यावरचे.

जुन्या घराने काय केले

मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या घरांनी हा पेच पडवीने सोडवला. घरासमोर खळे, मग ओटा किंवा पडवी, मग माजघर आणि शेवटी मागीलदार. पडवीवर कौलांचे छप्पर इतके खाली उतरवलेले की आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागावी. ऊन पडवीपर्यंत येते, पण माजघराच्या भिंतीला लागत नाही. झड पडवी भिजवते, घर भिजवत नाही. वारा मात्र पडवीच्या सावलीतून थोडा निवून आत येतो. पावसाळ्यात पडवीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले की काम झाले.

भिंत जांभ्या दगडाची, म्हणजे चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकनन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केरळात हा दगड विटेसारखा कापलेला पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिले. वीट भट्टीत भाजावी लागते, सिमेंटसाठी चुनखडी प्रचंड तापमानात जाळावी लागते. चिरा फक्त कापावा लागतो. म्हणून चिऱ्याची भिंत उभी राहते तेव्हाच तिच्या नावावर धूर कमी जमा झालेला असतो.

छपरावर कौले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले पश्चिम किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. कौल पातळ असते, रात्री लगेच निवते. दोन कौलांच्या फटींतून वर जमलेली गरम हवा निघून जाते.

आता मे महिन्यातले आकाश आठवा. देवबाग साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य तिथे बरोबर डोक्यावर असतो, माणसाची सावली पायाखाली जाते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत ऊन भिंतींपेक्षा छपरावर जास्त पडते. छपराचा निर्णय चुकला की बाकी घर कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

कोकणाला जाड भिंत नको, वारा हवा

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पूर्वीच्या जाड भिंती थंड असायच्या’ असे आपण सहज म्हणतो. ते सोलापूर, बीड किंवा जळगावच्या हवेला लागू पडते. तिथे दिवस भाजून काढतो आणि रात्र गार होते. जाड भिंत दिवसाची उष्णता अडवून धरते आणि रात्री बाहेर सोडते.

किनाऱ्यावर दिवस आणि रात्र यांच्या तापमानात तेवढा फरक नसतो. इथला त्रास दमटपणाचा. हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर निवत नाही. अशा हवेत अंगावरून वारा फिरत राहणे हाच सगळ्यात स्वस्त इलाज. सूत्र सोपे आहे: सावली आणि वारा. जे घर या दोन गोष्टी देते, त्याला वर्षातले बहुतेक महिने पंखा पुरतो. जे देत नाही, त्याला एसी लागतो.

स्लॅब आला आणि मीटर पळू लागले

देवबागला आज उंच टॉवर नाहीत. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी तिथे इमारतीच्या उंचीला मर्यादा घातली आहे. पण पर्यटन वाढले, निवास-न्याहारीच्या खोल्या वाढल्या आणि अनेक ठिकाणी पडवीच्या घराशेजारी सपाट स्लॅबच्या, सरकत्या काचांच्या खोल्या उभ्या राहिल्या. पाहुण्याला एसी हवा असतो आणि एसीसाठी खोली बंद हवी असते. मग त्या बंद खोलीला एसीशिवाय पर्याय उरत नाही. मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या नव्या इमारतींत आणि आपल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांतल्या नव्या बंगल्यांतही हेच दिसते. आखातात आपण बंद काचांच्या, चोवीस तास थंड केलेल्या इमारती पाहतो आणि गावी घर बांधताना तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवतो.

उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो. काँक्रीटमधून उष्णता हळूहळू खाली उतरते आणि संध्याकाळनंतर घरात पसरू लागते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या माणसाला इशाच्या नमाजनंतर, झोपायच्या वेळी जास्त उकडते. बाहेर मतलई वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवाच फिरवत असतो. याच वेळी एसीचे बटण दाबले जाते.

आता हिशेब करू. एसीच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. तो १६०० तासांच्या वापरावर काढतात. दीड टनाच्या एसीसाठी हा आकडा स्टारप्रमाणे साधारण साडेसातशे ते अकराशे युनिटांच्या दरम्यान असतो. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बहुतांश वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. म्हणजे एका एसीमागे वर्षाला अर्धा ते पाऊण टन. समजा ८० फ्लॅटची एक इमारत आहे, प्रत्येकाकडे एकच एसी आणि वर्षाला ९०० युनिट. इमारतीचे झाले ७२,००० युनिट, म्हणजे सुमारे ५० टन कार्बन. नकाशा चांगला असल्यामुळे हा वापर एक-तृतीयांशाने कमी झाला, तर दरवर्षी सोळा-सतरा टन वाचतात, आणि तेही कोणी काही न करता.

पैशाची बाजू आणखी बोचरी आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, पुढे १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे वर चढत जातात. एसी सुरू झाला की घर वरच्या टप्प्यात जाते आणि त्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो.

वीज हा झाला राहण्याचा खर्च. बांधण्याचा खर्च वेगळा. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के केवळ सिमेंटमधून येते. ज्या घरात गरजेपेक्षा जाड स्लॅब, शोभेचे काँक्रीट आणि कोणी न वापरणाऱ्या खोल्या आहेत, त्या घराने पहिला दिवा लागण्याआधीच मोठे कर्ज काढलेले असते.

इमारतीत काय हरवते

शहरातल्या आपल्या इमारतींत पडवी गेली, हे पहिले नुकसान. गिरगावच्या किंवा डोंगरी-भेंडीबाजारच्या जुन्या चाळींना निदान गॅलरी होती. गॅलरीने खोलीला सावली दिली आणि बायका-मुलांना बसायला जागा दिली. नंतरच्या इमारतींत मध्ये अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना फ्लॅट अशी रचना आली. अशा फ्लॅटला एकाच बाजूने खिडक्या असतात. वारा एका बाजूने आत येऊ पाहतो, पण दुसरीकडून बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो आतही येत नाही. ज्या फ्लॅटला खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथे भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते.

आयआयटी मुंबई आणि केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन इमारतींचा अभ्यास केला आहे. झोपडीतून पक्क्या फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबांचा विजेचा खर्च वाढला, आणि त्यामागे केवळ वाढलेली कमाई नव्हती. खाली असताना धुणे, निवडणे-टिपणे, मुलांचा अभ्यास, बायकांचे बोलणे-बसणे गल्लीत, दाराबाहेर होत असे. इमारतीत बाहेर बसायला जागाच नव्हती. सगळे आयुष्य चार भिंतींत आले आणि त्याबरोबर दिवा, पंखा, टीव्ही दिवसभर सुरू राहू लागले.

हे वाचून आपल्यातल्या अनेक घरांना स्वतःची आठवण येईल. ओटा म्हणजे केवळ सावली नव्हती, ती बसायची जागा होती. ती काढून घेतली की तिची भरपाई मीटर करते. आणि याचा भार सगळ्यात जास्त कोणावर? जो सकाळी कामाला जातो आणि रात्री येतो त्याच्यावर नव्हे. दिवसभर घरात असणाऱ्या बाईवर, वयस्कर आई-वडिलांवर आणि तान्ह्या मुलावर.

पडदा आणि वारा

आपल्या घरांची आणखी एक अडचण आहे, जी नकाशा काढणारा सहसा विचारात घेत नाही. समोरच्या इमारतीची खिडकी पंधरा फुटांवर असली की घरातल्या बायका पडदा ओढून घेतात किंवा काच बंद करतात. पडद्याचा हा हक्क आहेच. पण पडदा पडला की वारा गेला. मग दिवसा दिवा, दिवसा पंखा आणि दुपारी एसी. दोन खिडक्या समोरासमोर न काढता थोड्या बाजूला काढल्या असत्या, तर हा सगळा खर्च टळला असता.

यावरचा इलाज आपल्याच इमारतींच्या परंपरेत शेकडो वर्षांपासून आहे. तो म्हणजे जाळी. अरब देशांतली लाकडी मशरबिया असो की अहमदाबादच्या सीदी सैयद मशिदीतली सोळाव्या शतकातली दगडी जाळी, तत्त्व एकच. आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही, ऊन बारीक होऊन येते आणि वारा अडत नाही. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही (१९००–१९८९) यांनी गरिबांच्या घरांसाठी हीच जुनी साधने पुन्हा वापरात आणली. दुबईच्या जुन्या अल फहीदी वस्तीत वारा पकडून खाली आणणारे बारजील मनोरे आजही उभे आहेत. त्या भागात काम केलेल्या आपल्यातल्या अनेकांनी ते पाहिले असतील.

मात्र आंधळी नक्कल नको. वाळवंटातली जाड मातीची भिंत कोकणात आणून चालणार नाही. जाळी मात्र चालते. केरळमध्ये लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी आपल्यासारख्याच दमट, पावसाळी हवेत विटांच्या जाळ्यांच्या भिंती बांधल्या. स्लॅबमध्ये जिथे काँक्रीटची गरज नसते तिथे त्यांनी जुनी मंगळुरी कौले भरली. त्यामुळे सिमेंट वाचले आणि छपरातून उतरणारी उष्णताही कमी झाली. त्यांची घरे श्रीमंतांसाठी नव्हती, कमी खर्चात घर हवे असणाऱ्यांसाठी होती.

उंच इमारतीलाही पडवी असते

कोणी म्हणेल, एकमजली घराची गोष्ट टॉवरला कशी लागू होईल? त्याचे उत्तर मुंबईत कंबाला हिलवर उभे आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कांचनजंगा ही सुमारे ८४ मीटर उंचीची इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिथला पेच देवबागचाच होता. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही पश्चिमेलाच. कोरियांनी मुंबईच्या जुन्या बंगल्यांकडे पाहिले, ज्यांच्याभोवती व्हरांडा असायचा. तोच व्हरांडा त्यांनी इमारतीत वर नेला. फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची आत ओढलेली गच्ची दिली आणि राहत्या खोल्या तिच्या सावलीत मागे ठेवल्या. फ्लॅट पूर्व-पश्चिम आरपार असल्याने वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातो.

ती इमारत श्रीमंतांची आहे, हे खरे. पण तिच्यातली युक्ती महाग नाही. आत ओढलेली बाल्कनी, आरपार खिडक्या आणि खोल छज्जा यांना संगमरवर लागत नाही, विचार लागतो. आपण मात्र उलट करतो. बिल्डरने दिलेली बाल्कनी काच लावून खोलीत घेतो आणि मग त्या वाढलेल्या खोलीला थंड करायला आणखी वीज जाळतो.

सरकारी संहिता काय सांगते

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही अशा संहितेच्या कक्षेत आल्या. संहितेतल्या तीन गोष्टी घर घेणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावी. दुसरी, छपरासाठी वेगळी मर्यादा आहे आणि उघडा साधा स्लॅब तिच्यात बसत नाही. त्यावर उष्णतारोधक थर लागतोच. तिसरी सगळ्यात उपयोगाची. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत फ्लॅटच्या चटई क्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश, म्हणजे १६.६६ टक्के जागा बाहेर उघडणारी असावी. ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटला सुमारे ८३ चौरस फूट. यात ‘उघडणारी’ हा शब्द महत्त्वाचा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी चार बाय चार फुटांची असली तरी ती एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे सोळातली आठच फूट मोजायची. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते.

फ्लॅट घेण्याआधी किंवा घर बांधण्याआधी

नमुना फ्लॅट सकाळी अकराला एसी लावून दाखवतात. आपण दुपारी चारला जावे, एसी बंद करायला सांगावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. मोबाइलमधले होकायंत्र उघडून फ्लॅटच्या दिशा तपासा. बेडरूमची मोठी काच थेट पश्चिमेला आणि वर छज्जाही नसेल, तर तो फ्लॅट दर उन्हाळ्यात पैसे खाईल.

२. सगळ्या खिडक्या उघडा. वारा आरपार जातो का? एकाच बाजूला खिडक्या असतील तर मुख्य दाराला जाळीचा दरवाजा बसवता येईल का, ते पाहा.

३. समोरची खिडकी किती अंतरावर आहे? पडदा न ओढता घरातल्या बायकांना वावरता येईल का? हा प्रश्न घरातल्या बाईनेच जागेवर उभे राहून तपासावा.

४. स्वयंपाकघरात दिवसा दिवा न लावता काम करता येते का? धूर आणि वाफ बाहेर जायला वाट आहे का?

५. सगळ्यात वरचा मजला असेल तर स्लॅबवर काय घातले आहे ते लेखी विचारा.

६. भिंत कशाची आहे? एएसी ब्लॉक म्हणजे हवेचे बारीक कप्पे असलेला हलका ठोकळा उष्णता कमी आत येऊ देतो. भरीव काँक्रीटची भिंत सगळ्यात जास्त येऊ देते.

७. एसीचे बाहेरचे यंत्र कुठे बसणार? अरुंद डक्टमध्ये सगळ्यांची यंत्रे बसली की आपली गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. शेजाऱ्याचा हक्क इथेही आहे.

गावी स्वतःच्या जागेत बांधत असाल तर काम सोपे आहे. पश्चिमेला पडवी काढा. खिडकीचा छज्जा दीड फुटावर उरकू नका, आपल्या पावसाला तो पुरत नाही. मिळत असेल तर चिरा वापरा आणि वर प्लास्टर करण्याचा हट्ट सोडा. कंपाउंड घालताना पश्चिमेचे माड तोडू नका. दोन भावांनी दोन बंगले बांधण्याऐवजी एकच आटोपशीर घर बांधता येते का, याचाही विचार व्हावा. वर्षातले अकरा महिने बंद राहणाऱ्या खोल्या हाही इसराफच आहे.

घर झालेलेच असेल तर

बहुतेक वाचकांचे घर आधीच उभे आहे. त्यांनाही पुष्कळ करता येते.

कोकणात स्लॅब गळतो म्हणून लोक त्यावर पत्र्याची किंवा कौलांची शेड घालतात. हे गळतीसाठी केलेले काम उष्णतेसाठीही उत्तम आहे, कारण स्लॅब सावलीत येतो आणि मधल्या पोकळीतून वारा वाहतो. मात्र शेडच्या बाजू बंद करून खोली काढू नका. शेड जमत नसेल तर स्लॅबला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. आपल्याकडे पावसात शेवाळ धरून तो काळा पडतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत गच्ची घासून नवा हात द्यावा लागतो. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नव्हे, बाहेरून हवा. ऊन काचेतून आत आले की आतला पडदा फक्त प्रकाश अडवतो, उष्णता आत आलेलीच असते. बाहेरून बांबूची चटई किंवा जाळी लावली तर ऊन काचेपर्यंत पोहोचत नाही, आणि पडद्याची सोयही होते.

जुना छतपंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास आणि वर्षात ३०० दिवस चालला तर जुन्याचे २७० युनिट होतात, नव्याचे १०८. एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात, आणि घरात तीन-चार पंखे असतात. एसी लावायचाच तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. एसीचा गॅस गळू देऊ नका. नव्या एसीत वापरला जाणारा आर-३२ वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ६७५ पट तापमानवाढ करतो.

छपरावरच्या सौरपॅनेलचा नंबर यानंतर येतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी ७८,००० रुपयांपर्यंत, आणि सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पण आधी गळती बुजवावी, मग टाकी भरावी. तापणाऱ्या घराला पॅनेल लावणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

आणि एक गोष्ट जमातीने मिळून करायची. आपल्या मोहल्ल्यात मशीद, मदरसा किंवा जमातखाना नव्याने बांधला जातो तेव्हा चंदा सगळे देतात, नकाशा मात्र दोन-तीन जण पाहतात. जुन्या मशिदींना उंच छत, खोल व्हरांडा आणि जाळ्या होत्या. नव्या इमारतीत सरकत्या काचा आणि एसीची रांग येते, आणि मग बिलासाठी पुन्हा चंदा. नकाशा मंजूर होण्याआधी वारा कुठून येतो हा प्रश्न कमिटीत कोणी तरी विचारायला हवा.

हा वादळाचाही प्रश्न आहे

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा दिवसांत खरी परीक्षा होते. कौले उडाली तर पुन्हा शाकारता येतात आणि पडवीत बसून दिवस काढता येतो. बंद काचांच्या खोलीत वीज नसताना आजारी माणसाला ठेवणे अवघड जाते. विजेवाचून राहता येते असे घर ही संकटातली सुरक्षाही आहे.

देवबागला तर दोन्ही बाजूंनी पाणी आहे. समुद्र किनारा खात आहे म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करत आले आहेत. हवा तापते तसा समुद्र तापतो, फुगतो आणि वादळांना जोर चढतो. जगातल्या ऊर्जेशी संबंधित कार्बन उत्सर्जनापैकी एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा इमारती बांधण्याचा आणि चालवण्याचा आहे. मुंब्र्यातल्या फ्लॅटचा एसी आणि देवबागचा किनारा यांचा संबंध दूरचा वाटतो, पण तो आहे.

या वर्षी कोणाच्या घरात फ्लॅट बुक करण्याची किंवा गावी पाया खणण्याची बोलणी चालू असतील, तर एवढे करा. पैसे देण्याआधी नकाशा घरी आणा, जमिनीवर पसरा आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दिवसभर त्या घरात राहणाऱ्यांना, भोवती बसवा. ऊन कुठून येईल, वारा कुठून येईल आणि दुपारी आई कुठे बसेल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे आवडली नाहीत तर रेघ बदलायला सांगा. कागदावरची रेघ बदलायला एक खोडरबर पुरते. स्लॅब पडल्यानंतर ती बदलता येत नाही.